दहा मिनिटांचा बर्गर, दोन दिवसांचा बर्गर

चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन त्याची आई आणि आजी सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आल्या, तेव्हा तक्रार साधी होती. दोन जिने चढले की मुलाला धाप लागायची. वजन ७८ किलो भरले, उंची ५ फूट ५ इंच. रक्तदाब वयाच्या मानाने जास्त होता आणि सोनोग्राफीत यकृतात चरबी साठू लागल्याचे दिसले. रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी विचारले, "बाहेरचं खाणं किती?" मुलाने मुकाट्याने मोबाइल पुढे केला. मागच्या एका महिन्यात त्याने अकरा वेळा चीजबर्गर आणि फ्राइज मागवले होते. दर वेळी घरातल्या कोणाची ना कोणाची संमती होती, कारण दहा मिनिटांत दारात येणारी गोष्ट नाकारायला तेवढाच वेळ मिळतो.

आजींनी तिथेच निकाल देऊन टाकला. "बाहेरचं आजपासून बंद. हवं तर घरी करून घालू. घरचं असलं की कितीही खाऊ दे, बाधत नाही."

आहारतज्ज्ञ बाईंना यातले पहिले वाक्य पटले, शेवटचे पटले नाही. "घरी करा," त्या म्हणाल्या, "पण मग सगळंच घरी. पाव विकतचा नको, चीजच्या चकत्या पाकिटातल्या नकोत, फ्राइज गोठवलेल्या नकोत, सॉस बाटलीतला नको."

'सगळंच घरी' म्हणजे किती?

हा प्रश्न अमेरिकेतल्या काही हौशी मंडळींनी फार गंभीरपणे घेतला आहे. व्हर्जिनिया राज्यातल्या ग्रामीण भागात घर बांधणाऱ्या एका गृहस्थाने २०११ साली आपला असा बेत लिहून काढला. चीजबर्गर अगदी मुळापासून करायचा, म्हणजे टोमॅटो, पालेभाजी, गहू, दूध, मांस सगळे स्वतःचे. विचार करता करता त्याच्या लक्षात आले की या वस्तूंचे हंगामच जुळत नाहीत. त्याच्याकडे टोमॅटो पिकतात उन्हाळ्याच्या शेवटी, लेट्यूसला हवी थंड हवा, आणि जनावर कापायचे ते हिवाळ्याच्या तोंडावर, कारण पूर्वी मांस टिकवायचे तर थंडीच लागायची. शीतगृहे आणि जलद वाहतूक नसती तर हे सगळे घटक एकाच दिवशी एका ताटात आलेच नसते. साधारण शंभर वर्षांपूर्वी चीजबर्गर हा पदार्थ व्यवहारात शक्यच नव्हता, असा त्याने निष्कर्ष काढला.

मिनेसोटा राज्यातल्या अँडी जॉर्ज या तरुणाने २०१५ मध्ये हाच हट्ट कोंबडीच्या सँडविचसाठी पुरा केला. भाजी पिकवली, गहू दळला, गाईचे दूध काढून चीज केले, मिठासाठी समुद्राचे पाणी आटवले. एका सँडविचला सहा महिने आणि पंधराशे डॉलर लागले.

आपल्या या कुटुंबाला एवढे काही करायचे नव्हते. मैदा, दूध, बटाटे, टोमॅटो आणि कोंबडीचा खिमा बाजारातून आणायचा, पुढचे सगळे स्वयंपाकघरात. तरीही शनिवार दुपार ते रविवार दुपार असा वेळ त्यात गेला.

पहिला रविवार

पहिल्या प्रयोगात आई आणि आजी राबल्या. पौष्टिक व्हावेत म्हणून पावासाठी नुसती कणीक घेतली. पाव फुगले नाहीत, हाताला जड लागले. दूध लिंबाने फाडून 'चीज' केले, ते तव्यावर वितळेना. खिम्यात मीठमसाला घालून तो कणकेसारखा मळला, त्यामुळे टिक्की चिवट झाली. फ्रीजमधले बटाटे काढून तळले, ते बाहेरून काळपट आणि आतून मऊ, तेलकट झाले.

एवढे सगळे बिघडूनही मुलाने दोन बर्गर आणि ताटभर फ्राइज संपवले आणि तो सामना पाहायला सोफ्यावर जाऊन बसला. संध्याकाळी त्याने आईला विचारले, "उद्या परत करशील?" आई आणि आजी दोघींच्याही कमरा धरल्या होत्या.

आता हिशेब पाहू. पावातला मैदा किंवा कणीक, लोणी आणि साखर मिळून सुमारे २५० कॅलरी. शंभर-सव्वाशे ग्रॅमची टिक्की तेलासकट आणखी साधारण तेवढ्याच. चीजच्या शंभर, सॉसच्या चाळीस. म्हणजे एक बर्गर सहाशेच्या पुढे. दीडशे ग्रॅम बटाट्याच्या फ्राइज सव्वातीनशेच्या घरात. दोन बर्गर आणि फ्राइज मिळून सोळाशे कॅलरी एका बैठकीत, म्हणजे या वयाच्या मुलाच्या दिवसभराच्या गरजेच्या निम्म्याहून अधिक. मिठाचेही तसेच. पावात सव्वा ग्रॅम, टिक्कीत पाऊण, चीज आणि सॉसमध्ये मिळून आणखी पाऊण, फ्राइजवर वरून भुरभुरलेले वेगळे. दोन बर्गर आणि फ्राइजमधून सहा ग्रॅम मीठ पोटात गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने पूर्ण दिवसात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, मुलांनी त्याहून कमी.

हे हिशेब ढोबळ आहेत, पण मुद्दा स्पष्ट आहे. मीठ, मैदा आणि तेल यांना आपण कोणाच्या घरात आहोत हे कळत नाही. आजीच्या हातचे मीठही रक्तदाब वाढवते. महिन्याभराने पुन्हा तपासणीला आले, तेव्हा मुलाचे वजन किलोभर वाढले होते. आजींना याचा अर्थच लागेना. "मॅडम, महिनाभर बाहेरचा एक घास नाही हो. दर रविवारी सगळं घरीच केलं."

आहारतज्ज्ञ बाईंनी मुलाकडे पाहून एकच प्रश्न विचारला. "बटाटे कोणी सोलले?"

कष्ट हाच लगाम

या प्रश्नामागे एक जुने निरीक्षण आहे. बटाटा सोलायचा, एकसारखा कापायचा, धुवायचा, पुसायचा, कढईभर तेल तापवायचे, दोनदा तळायचे आणि मग उडालेले तेल पुसायचे. या कटकटीमुळे अमेरिकी घरांत पूर्वी बटाटा बहुधा उकडून, भाजून किंवा कुस्करून खाल्ला जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर आयडाहोतल्या सिम्प्लॉट यांच्यासारख्या उद्योजकांनी सोललेल्या, कापलेल्या, अर्धवट तळून गोठवलेल्या फ्राइज बाजारात आणल्या. कटकट कारखान्यात गेली. हार्वर्डच्या अर्थतज्ज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात याचा परिणाम मांडला आहे. १९७७ ते १९९५ या काळात अमेरिकेतला बटाट्याचा खप सुमारे तीस टक्क्यांनी वाढला आणि ही वाढ जवळजवळ सगळी फ्राइज आणि वेफर्सची होती. लोकांची आवड बदलली नव्हती. आवडता पदार्थ मिळवायला लागणारा वेळ कमी झाला होता.

दुसरा पुरावा रुग्णालयातला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी वीस प्रौढांना चार आठवडे रुग्णालयातच ठेवून घेतले. दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे कमीत कमी प्रक्रियेचे, घरगुती पद्धतीचे अन्न दिले. दोन्ही वेळी समोर ठेवलेल्या अन्नातल्या कॅलरी, साखर, मेद, मीठ, तंतू जुळवलेले होते. हवे तेवढे खायची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर माणसे दिवसाला सुमारे पाचशे कॅलरी जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोने वाढले. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ही माणसे ते अन्न भराभर खात होती, असेही त्यात दिसले. मऊ पाव, मऊ टिक्की, फारसे चावावे लागत नाही. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचेतो ताट रिकामे होते.

म्हणजे घरी करण्याचे दोन फायदे आहेत. आत काय आणि किती गेले हे आपल्या हातात राहते, हा पहिला. दुसरा फायदा कष्टांचा, कारण जो पदार्थ करायला दोन दिवस लागतात तो आठवड्यातून तीनदा होत नाही. मात्र हा लगाम खाणाऱ्याच्या हातात असेल तरच चालतो. पहिल्या रविवारी सगळे कष्ट दोन बायकांनी उपसले. मुलाच्या दृष्टीने काहीच बदलले नव्हते. पूर्वी दुकान करून देत होते, आता आई करून देत होती.

दुसऱ्या खेपेला नियम ठरला. जो खाणार तो करणार. आई आणि आजी फक्त सांगणार.

शनिवार दुपार: दूध

मुलाने चीजपासून सुरुवात केली. लिंबाने फाडलेले दूध म्हणजे पनीर. त्यासाठी दूध खूप तापवलेले असते, त्या उष्णतेने दुधातली प्रथिने एकमेकांना घट्ट बिलगतात आणि नंतर कितीही गरम केली तरी सैल होत नाहीत. म्हणून पनीर भाजीत अख्खे राहते आणि बर्गरवर वितळत नाही. वितळणाऱ्या चीजसाठी दूध रेनेट नावाच्या विकराने विरजावे लागते. हे विकर पूर्वी वासराच्या जठरातून काढत. १९९० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जनुकीय तंत्राने सूक्ष्मजीवांकडून तयार केलेल्या या विकराला परवानगी दिली. आता शाकाहारी रेनेटच्या बाटल्या आपल्याकडेही मिळतात.

इथे मराठी घराची एक चांगली सवय आडवी येते. दूध आले की उकळायचे. उकळलेल्या दुधात रेनेट नीट काम करत नाही, खोक्यातल्या टिकाऊ दुधातही नाही. म्हणून कच्चे दूध वापरायचा मोह होतो, आणि तो धोक्याचा आहे. कच्च्या दुधातून ब्रुसेल्ला, लिस्टेरिया, साल्मोनेला आणि गुरांच्या क्षयाचे जंतू येऊ शकतात. मधला मार्ग म्हणजे पाश्चरीकरण केलेले, थंडाव्यात आलेले ताजे पिशवीचे दूध. गोठ्यातलेच दूध असेल तर ते ६३ अंशांवर पूर्ण अर्धा तास धरून मग थंड करायचे.

चार लिटर दुधात थोडे सायट्रिक ॲसिड, दूध कोमट म्हणजे ३२ अंशांवर आले की पाण्यात कालवलेले रेनेट, आणि मग पातेल्याला हात लावायचा नाही. दूध खरवसासारखे थरथरीत जमले. ते सुरीने कापून, पाणी काढून, गरम पाण्यात दाबून ताणले की मोझरेला तयार होते. चेडर हवे असेल तर ते काही महिने मुरवावे लागते. चार लिटर दुधातून चारशे ग्रॅमच्या आसपास गोळा निघाला, तेव्हा मुलगा म्हणाला, "एवढंसंच?" चीज म्हणजे आटवलेले दूध, त्यातला मेद आणि कॅलरी तेवढ्याच घट्ट झालेल्या असतात, हे कोणी समजावून सांगावे लागले नाही.

पाकिटातल्या चकतीची कुळकथा वेगळी आहे. १९११ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये चीज वितळवून त्यात सायट्रेट क्षार घालण्याची रीत निघाली, आणि १९१६ मध्ये अमेरिकेत जेम्स क्राफ्ट यांनी प्रक्रियायुक्त चीजचे पेटंट घेतले. या क्षारांमुळे मेद आणि पाणी वेगळे होत नाही, चकती सारखी वितळते आणि महिनोन्‌महिने टिकते. पण सोडियम वाढते. घरच्या ताज्या मोझरेलात मीठ किती ते आपण ठरवतो.

शनिवार रात्र: पीठ

अर्धा मैदा, अर्धी कणीक. मैद्यातल्या प्रथिनांचे पाणी आणि मळण्यामुळे एक लवचीक जाळे तयार होते, त्याला ग्लुटेन म्हणतात. यीस्ट साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडते, तो वायू या जाळ्यात अडकतो आणि पाव फुगतो. कणकेतल्या कोंड्याचे बारीक कण हे जाळे कापतात, म्हणून नुसत्या कणकेचे पाव दगडासारखे झाले होते. निम्मे-निम्मे घेतले की तंतूही मिळतात आणि पावही फुगतो. पाचशे ग्रॅम पिठाला आठ ग्रॅम मीठ घातले, म्हणजे आठ पावांत प्रत्येकी एक ग्रॅम. मुलाने पंधरा मिनिटे पीठ मळले, हात भरून आले, मग झाकून फ्रीजमध्ये ठेवले. थंडाव्यात यीस्ट सावकाश काम करते आणि चव वाढते.

रविवार: खिमा आणि खबरदारी

सकाळी पाव भट्टीत असताना टोमॅटो आटवून सॉस झाला. बाटलीतल्या केचपमध्ये साधारण पाव हिस्सा साखर असते. इथे एक चमचा गुळावर भागले. मेयोनेजच्या जागी चक्क्यात लसूण आणि मोहरी घातली. त्यालाही कारण आहे. मेयोनेजमध्ये कच्चे अंडे असते आणि त्यातून साल्मोनेलाची बाधा होऊ शकते. तेलंगण सरकारने २०२४ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर वर्षभराची बंदी घातली, ती याच भीतीने.

आता खिमा. घरी बर्गर करताना सर्वात जास्त जपायचे ते इथे, आणि या घरात चार वर्षांची धाकटी बहीणही जेवायला होती.

मांसाच्या अख्ख्या तुकड्यावर जंतू असतात ते मुख्यतः पृष्ठभागावर. तुकडा बाहेरून चांगला भाजला की ते मरतात. खिमा केला की पृष्ठभाग आत जातो आणि जंतू मधोमध पोचतात. बाहेरून खमंग, आतून गुलाबी टिक्की म्हणूनच धोक्याची. अमेरिकेत १९८२ मध्ये ओरेगॉन आणि मिशिगन राज्यांतल्या हॅम्बर्गर खाल्लेल्या रुग्णांत ई. कोलाय ओ१५७:एच७ हा जंतू प्रथम ओळखला गेला. १९९३ च्या सुरुवातीला तिथल्या पश्चिमेकडच्या राज्यांत अर्धकच्च्या टिक्क्यांमुळे सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारने गोमांसाच्या कच्च्या खिम्यात हा जंतू सापडल्यास तो माल भेसळयुक्त ठरवायला सुरुवात केली.

हा जंतू रवंथ करणाऱ्या जनावरांच्या आतड्यात राहतो. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीला बंदी असल्यामुळे इथल्या घरांत टिक्की कोंबडीची, मटणाची किंवा म्हशीच्या मांसाची होते. मटणाच्या आणि म्हशीच्या खिम्याला हीच खबरदारी लागू आहे. कोंबडीत साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर यांचा धोका मोठा.

रंगावर विसंबू नये. टिक्की आतून तपकिरी दिसली तरी ती पुरेशी तापलेली असेलच असे नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्या मामाने मागच्या भेटीत टोचायचा थर्मामीटर आणला होता, तो खोक्यातच पडून होता. आता तो बाहेर आला. टिक्कीच्या मधोमध कोंबडीच्या खिम्याला ७४ अंश, मटणाच्या खिम्याला ७१ अंश सेल्सिअस दिसले पाहिजे. थर्मामीटर नसेल तर टिक्की बोटभर जाडीपेक्षा पातळ ठेवावी, झाकण ठेवून शिजवावी आणि मध्ये फोडून पाहावी. कोंबडी नळाखाली धुवू नये, शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर पसरतात. टोमॅटो-कांद्याची पाटी आणि सुरी वेगळी. खिम्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे, मगच दुसऱ्या वस्तूला हात लावायचा.

मीठ खिम्यात मळू नये. मिठामुळे स्नायूंतली प्रथिने विरघळून एकमेकांना चिकटतात आणि टिक्की रबरासारखी होते. टिक्की हलक्या हाताने थापून तव्यावर टाकताना वरून चिमूटभर मीठ लावले तर जिभेला तेवढेच खारट लागते आणि मीठ निम्मे लागते.

पालकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खिमा किंवा कच्चे दूध पोटात गेल्यावर काही दिवसांनी लहान मुलाला रक्तमिश्रित जुलाब झाले, तर घरातल्या उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या किंवा जुलाब थांबवण्याच्या गोळ्या देऊ नयेत. या जंतूच्या बाबतीत दोन्हींमुळे धोका वाढू शकतो. जुलाब कमी झाल्यासारखे वाटत असतानाच चेहरा पांढरा पडणे, लघवी कमी होणे, अंगावर सूज येणे, मूल मलूल होणे ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. जंतूच्या विषाने तांबड्या पेशी फुटतात, प्लेटलेट घटतात आणि मूत्रपिंडे बंद पडू शकतात. याला हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम म्हणतात आणि पाच वर्षांखालच्या मुलांना त्याचा धोका सर्वाधिक. वेळेवर आलेली बहुतेक मुले बरी होतात, मात्र काहींना काही दिवस डायलिसिस लागते.

फ्राइज

बटाटा फ्रीजमध्ये ठेवला की थंडीमुळे त्यातल्या स्टार्चची साखर होते. असा बटाटा तळला की आत शिजायच्या आधीच बाहेरून काळा पडतो. लुई कामील मायार या फ्रेंच डॉक्टरने १९१२ मध्ये साखर आणि अमिनो आम्ले यांच्यातली ही रासायनिक क्रिया वर्णन केली. पावाचा लालसर पापुद्रा, टिक्कीचा खमंगपणा आणि फ्राइजचा सोनेरी रंग हे सगळे त्याच क्रियेचे. पण बटाट्यात ॲस्पॅराजिन हे अमिनो आम्ल भरपूर असते आणि उच्च तापमानाला साखरेशी संयोग होऊन त्यापासून ॲक्रिलामाइड तयार होते. अन्नात ते असते हे स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवून दिले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला 'माणसात बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवले आहे. आहारातल्या ॲक्रिलामाइडमुळे माणसांत कर्करोग होतोच असे सिद्ध झालेले नाही, तरी ते कमी करणे सोपे असताना करू नये असे काही नाही.

उपाय साधे आहेत. तळायचे बटाटे फ्रीजबाहेर, अंधाऱ्या हवेशीर जागी ठेवावेत. शक्य असल्यास प्रक्रियेसाठी विकसित केलेल्या चिप्सोना, फ्रायसोना अशा कुफ्री जाती घ्याव्यात, त्यांत साखर कमी आणि घट्ट भाग जास्त असतो. सेंटीमीटरभर जाड कापावेत, जाड फ्राइज तेल कमी पितात. अर्धा तास पाण्यात ठेवून वरची साखर आणि स्टार्च जाऊ द्यावे आणि कापडाने कोरडे करावेत. आधी दीडशे अंशांवर शिजवून, गार करून, मग १७५ अंशांवर तळावेत आणि सोनेरी झाले की काढावेत, तपकिरी होऊ देऊ नयेत. कढईतून काढल्यावर फ्राइज निवताना आतली वाफ थिजते आणि पृष्ठभागावरचे तेल आत ओढले जाते, म्हणून काढता क्षणी झटकून कागदावर पसरायच्या.

उरलेले तेल पुन्हा पुन्हा तळणासाठी तापवू नये. खाद्य व्यवसायांसाठी तेलातले ध्रुवीय घटक पंचवीस टक्क्यांच्या वर गेल्यास ते तेल वापरू नये, असा आपल्याकडे नियम आहे. घरी हे मोजता येत नाही, म्हणून गाळून दोन-चार दिवसांत फोडणीत संपवणे चांगले. तेलाला फेस, काळपटपणा किंवा खवट वास आला तर ते टाकून द्यावे.

हिशेब पुन्हा

रविवारी दुपारी दीड वाजता ताट लागले. या वेळी पाव फुगला होता, चीज वितळले होते, टिक्की रसरशीत होती. ताटातले मीठ साडेतीन ग्रॅमवरून सव्वादोन ग्रॅमच्या आसपास आले होते. कॅलरी मात्र फारशा कमी झाल्या नव्हत्या. बर्गर हा बर्गरच राहतो, घरी केल्याने त्याची भाकरी होत नाही. फरक एवढाच पडला की मुलाने एकच खाल्ला. दुसरा समोर होता, पण त्याने तो आजोबांसाठी झाकून ठेवला आणि ओटा पुसायला घेतला.

आता त्या घरात बर्गर महिन्यातून एकदा होतो. चार महिन्यांनी मुलाचे वजन ७६ किलो होते आणि उंची दोन सेंटीमीटरने वाढली होती. याचे सगळे श्रेय बर्गरला देता येणार नाही. शीतपेये बंद झाली, संध्याकाळी फुटबॉल सुरू झाला, डब्यात पोळीभाजी आली. एका घराचा अनुभव म्हणजे संशोधनही नव्हे. पण वाढत्या वयातल्या फॅटी लिव्हरवर आज तरी सर्वात भरवशाचा इलाज आहार आणि हालचाल हाच आहे, आणि मुलाला आहार शिकवायचा तर त्याच्या हातात सुरी आणि सोलाणे द्यावे लागते. निव्वळ मनाईने मूल फक्त लपवून खायला शिकते.

परवाच्या रविवारी आजींनी नेहमीप्रमाणे दहा बटाटे काढून ओट्यावर ठेवले. नातवाने त्यांतले पाच उचलून टोपलीत परत टाकले.

"एवढे पुरतील, आजी," तो म्हणाला. "सोलायचे मला आहेत."